ट्रेलरवर सोलर लावलं, पवनचक्की पण लावली, पैसे कशाचे वसूल झाले

आम्ही अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो, मी मूळचा साताऱ्याचा, आणि आमच्याकडे एक २२ फुटी सेकंड हँड ट्रॅव्हल ट्रेलर आहे जो पिकअपच्या मागे लावून आम्ही तिघं (मी, बायको, अकरा वर्षांची लेक) वर्षातून चारपाच वेळा बाहेर पडतो. हुकअपवाल्या, म्हणजे वीजपाण्याचं कनेक्शन देणाऱ्या आरव्ही पार्कात (ट्रेलर आणि घरासारख्या गाड्या लावायची जागा) आमचं मन रमत नाही, शेजारच्याचा टीव्ही आपल्या खिडकीतून दिसतो आणि वर रात्रीचे साठसत्तर डॉलर मोजायचे. म्हणून बूनडॉकिंग, म्हणजे ना वीज ना नळ, जे लागेल ते सोबत न्यायचं नाहीतर तिथंच तयार करायचं. गेल्या दीड वर्षात विजेसाठी मी सोलर पण केलं आणि एक छोटी पवनचक्की पण घेतली, दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच लिहितोय कारण वेगवेगळा लिहिला तर पवनचक्कीवाल्यांवर अन्याय होईल असं नाही, उलट एकत्र लिहिला तरच होईल 😄

बाबा एमएसईबीत होते, आता रिटायर्ड. त्यांना व्हिडिओ कॉलवर मी अँपिअर-अवर वगैरे सांगायला लागलो की म्हणतात, "युनिट सांग रे, युनिट." तेव्हा इथं पण युनिटमध्येच सांगतो, हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट, लाइट बिलावर असतं तेच.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. २०२३ च्या डिसेंबरात टेक्सासच्या पश्चिमेला बिग बेंडच्या वाळवंटात गेलेलो, टर्लिंगुआच्या जवळ उघड्या माळावर ट्रेलर लावला, आकाश असं की साताऱ्यात लहानपणी गच्चीवरून दिसायचं तसं, आणि रात्री तीन वाजता हीटर बंद. गॅसचं सिलिंडर भरलेलं होतं. पण गॅसच्या हीटरला पंखा असतो, तो आणि गॅसचा व्हॉल्व्ह दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, पंखा एकटाच सातआठ अँपिअर खातो, आणि ट्रेलरबरोबर आलेली एकुलती एक लेड-अ‍ॅसिड बॅटरी, जिच्यातली निम्मीच वापरायची असते नाहीतर ती लवकर मरते, ती झोपली. बाहेर उणे तीन. आईनं शिवून दिलेल्या दोन गोधड्या होत्या म्हणून निभावलं. सकाळी बायको एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी एकतर वीज नाहीतर मी.

मग घेतलं ते असं. दोन लिथियम बॅटऱ्या, १०० अँपिअर-अवरच्या, लिथियम आयर्न फॉस्फेटवाल्या, दोन्ही मिळून अडीच युनिट साठतात आणि जवळजवळ सगळं वापरता येतं. छपरावर २०० वॅटची दोन पॅनल पक्की, आणि २०० वॅटचं एक घडीचं पॅनल जे जमिनीवर मांडायचं. व्हिक्ट्रॉनचा निळा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलातून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा, २००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर, आणि गाडी चालू असताना पिकअपच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरणारा २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. वायर, फ्यूज, लग, छपराच्या भोकांवर लावायचं सीलंट धरून सतराशे डॉलरच्या आसपास गेले, फिटिंग सगळं मी आणि एका मित्रानं दोन वीकेंडात केलं. छपराला पहिलं भोक पाडताना हात थरथरतो हे आधीच सांगून ठेवतो.

एमपीपीटीबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्या खर्चात मला सगळ्यात जास्त समाधान ह्या डब्याने दिलं. फोनवर ब्लूटूथनं उघडायचं, आत्ता किती वॅट येताहेत, आज किती युनिट झाले, मागच्या तीस दिवसांचा इतिहास, सगळं दिसतं. पहिले काही दिवस मी दर दहा मिनिटांनी बघायचो, लेक म्हणाली बाबा तू क्रिकेटचा स्कोअर बघतोयस का. पण ह्याच्याचमुळे मला कळलं की छपरावरचं एक पॅनल दुपारी दोननंतर काम सोडून देतं. कारण? एसीच्या डब्याची सावली. थंडीत सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, आणि मी दोन्ही पॅनल सिरीजमध्ये जोडलेली, एकावर सावली आली की दुसऱ्याचं पण नुकसान. पॅरलल केली आणि दुपारचं उत्पादन सुधारलं. हे कुठल्याही व्हिडिओत मला कोणी सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ते पुढं ढकललं असेल.

लिथियमची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, शून्य डिग्रीच्या खाली ती चार्ज करायची नसते, आमच्या बॅटऱ्यांच्या आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, तर स्वतःच चार्जिंग तोडतो. आमच्या बॅटऱ्या आधी पुढच्या दांड्यावरच्या पेटीत, म्हणजे बाहेरच होत्या. एका पहाटे मस्त ऊन पडलंय, पॅनल तयार आहेत आणि बॅटरी म्हणतेय मी घेणार नाही, दहा वाजेपर्यंत फुकट गेलं. आता बेडच्या खाली आत घेतल्यात.

आमचा खर्च दिवसाला साधारण दोन युनिट. त्यात हीटरचा पंखा, आम्हा दोघांचे लॅपटॉप कारण सुट्टी संपली तरी आम्ही बाहेरूनच काम करतो, इंटरनेट, दिवे, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो खातो ते, आणि किचन. फ्रिज गॅसवर चालतो म्हणून वाचलो. किचनचं लोक उगाच घाबरतात, मिक्सर साडेपाचशे वॅटचा असला तरी शेंगदाण्याची चटणी दोन मिनिटांत होते, त्याला वीज नगण्य लागते. खरा खादाड इन्स्टंट पॉट, एका वरणभाताला पाव युनिट. दिवसा बारा वाजता लावायचा, ऊन असताना, रात्री नाही, एवढी एकच शिस्त घरात लागली.

इथपर्यंत सगळं बरं चाललेलं. मग मला पवनचक्कीचं वेड लागलं. साताऱ्याच्या माणसाला हे सांगायला नको, ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर त्या पवनचक्क्या रांगेनं उभ्या, कॉलेजात असताना बाइकवरून जाऊन त्यांच्या बुंध्याशी बसायचो आणि वरून येणारा तो घूं घूं आवाज ऐकायचो. तेव्हा डोक्यात आलं की रात्री ऊन नसतं पण वारा असतो, ढगाळ दिवशी तर हमखास असतो, मग सोलरला वाऱ्याची जोड दिली की चोवीस तास चार्जिंग. कागदावर बघा किती सुंदर दिसतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे चाळकेवाडीच्या चक्क्या आधी पठारावर, त्यात उंच खांबावर. तुझी कुठं लावणार, ट्रेलरवर?" मी विषय बदलला.

ऑनलाइन घेतलेली चक्की, नाव लिहीत नाही कारण असल्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि बहुतेक सारख्याच असाव्यात. ४०० वॅट लिहिलेलं, पाती फिरली की सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी व्यास, वजन सहा किलो. सोबत एक हायब्रिड कंट्रोलर. पोल वेगळा घेतला, अ‍ॅल्युमिनियमचा, एकात एक सरकणारा, पूर्ण उघडला की वीस फूट, त्याला ताणायला चार तारा (इंग्रजीत गाय वायर) आणि जमिनीत ठोकायचे खुंटे. सगळं मिळून साडेसहाशे डॉलर. छपरावर लावायची नाही हे मात्र मी आधीच ठरवलेलं, कंपनं सगळी सांगाड्यातून बेडपर्यंत येतात.

पहिला बॉक्स उघडला तर तीन पात्यांमधलं एक दुसऱ्यांपेक्षा जड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, नऊ ग्रॅमचा फरक. नऊ ग्रॅम म्हणजे काय असं वाटेल पण फिरताना पूर्ण पोल डुलायला लागतो. विक्रेत्याला ईमेल केली, उत्तर आलं की बोल्ट घट्ट करा. परत ईमेल, काट्यासकट फोटो, मग तीन आठवड्यांनी नवीन पाती. ती बरी निघाली.

२०२५ च्या जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटला गेलो, ऑस्टिनपासून अकराशे मैलांच्या आसपास, बहुतेक सगळा आय-१० वरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे वाळवंटातलं एक छोटं गाव जिथं थंडीत देशभरातून आणि कॅनडातून आरव्हीवाले येऊन माळावर पसरतात, जानेवारीत मोठा आरव्ही शो पण भरतो, जत्राच म्हणा. सरकारी जमीन आहे, ला पोसा नावाच्या भागात तेव्हा १८० डॉलरच्या पासवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहता यायचं, आम्ही चौदा दिवसांचा ४० डॉलरवाला घेतला. विजेचं कनेक्शन कोणालाच नाही, त्यामुळे सोलर बघायचं असेल तर असली जागा नाही, प्रत्येकाच्या छपरावर काहीतरी आहे आणि प्रत्येकाला त्याबद्दल बोलायचंय.

सोलरचं आधी. जानेवारीत तिथं भर दुपारी पण सूर्य क्षितिजापासून पस्तीसएक अंशांवरच असतो, मग छपरावर सपाट पडलेल्या पॅनलला ऊन तिरकं लागतं. माझ्या ४०० वॅटच्या सपाट पॅनलांनी दिवसाला जेमतेम एक युनिट दिलं, आणि जमिनीवर उभं करून सूर्याकडे तोंड केलेल्या एकट्या २०० वॅटवालीनं जवळजवळ तेवढंच, पाऊण ते पाऊणच्या थोडं वर. हे आकडे बघून मी दुसऱ्याच दिवशी गावात जाऊन छपरावरच्या पॅनलांना तिरकं करायचे पाय विकत घेतले. तिरकं केल्यावर दीड युनिटच्या आसपास यायला लागलं. कटकट ही की शिडी लावून वर चढायचं, आणि वारा सुटला की तिरकं पॅनल म्हणजे शिडाची होडी, धावत जाऊन खाली पाडायचं.

आता पवनचक्की. बारा दिवस उभी होती, मधे वायरमध्ये मीटर लावलेला, बारा दिवसांचं मिळून दीड युनिट. दिवसाचं नाही हो, बारा दिवसांचं मिळून. सोलर एका दिवसात जे द्यायचं त्याच्याहून कमी. त्यातलं पण एक तृतीयांश एकाच रात्रीत आलं, पाऊस यायच्या आधी जो सोसाट्याचा वारा सुटला त्या रात्री.

असं का होतं ते मला घेण्याआधी कळायला हवं होतं, गणित शाळेतलं आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा. डब्यावरचे ४०० वॅट असतात ताशी २८ मैलांच्या वाऱ्याला. ताशी १४ ला ते सरळ ५० वॅटवर येतात, आणि ताशी ७ ला पाती फिरतात, छान दिसतात, बॅटरीत काही जात नाही. आपण कॅम्पला जागा शोधताना काय शोधतो, आडोसा. झाडामागं, टेकडीच्या कुशीत, वारा लागणार नाही अशी. म्हणजे ज्या जागी माणूस सुखी तिथं चक्की उपाशी. आणि ज्या वाऱ्यात ती खरंच ४०० वॅट देते त्या वाऱ्यात आपण छत्री-ऑनिंग गुंडाळून खुर्च्यांमागं पळत असतो. बाबांचा उंच खांबाचा मुद्दा पण हाच, जमिनीलगत झुडपं, ट्रेलर, टेकाडं वाऱ्याची चाल मोडतात, वीस फुटांवर आमच्याच ट्रेलरच्या छपराचा भोवरा लागत होता, चक्की कधी इकडं तोंड करायची कधी तिकडं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, तो नीट वाचा. सोलर पॅनलची वायर काढली तर पॅनल गप्प बसतं, काही बिघडत नाही. पवनचक्कीची वायर भर वाऱ्यात काढली तर तिच्यावरचा भार जातो आणि ती मोकाट सुटते, वेग वाढत जातो, व्होल्टेज वाढत जातं. त्यामुळे तिला कायम काहीतरी खायला द्यावं लागतं, बॅटरी भरली की जादाची वीज एका हीटरसारख्या रेझिस्टरमध्ये जाळायची, त्याला डंप लोड म्हणतात, किंवा तिच्या वायरी आपापसात शॉर्ट करून ब्रेक लावायचा. आता लिथियमचा बीएमएस काय करतो, व्होल्टेज वर गेलं की बॅटरीच तोडून टाकतो. म्हणजे सोलरनं दुपारी बॅटरी भरली, त्यात वारा सुटला, बीएमएसनं दार बंद केलं, आणि चक्की आपली जोरात. माझ्या चक्कीसोबत आलेल्या कंट्रोलरची सेटिंगं लेड-अ‍ॅसिडची होती आणि लिथियमचा पर्याय मेनूत खोल कुठंतरी. पहिल्या आठवड्यात एकदा तो रेझिस्टर एवढा तापला की शेजारी ठेवलेल्या बादलीची कड वाकली. तेव्हापासून तो लोखंडी जाळीत, ट्रेलरपासून लांब, आणि ब्रेकचा स्विच दाराजवळ. हे सगळं झेपत नसेल तर कृपया ह्या वाटेला जाऊ नका.

आवाजाचं तर बोलायलाच नको. दिवसा फारसा जाणवत नाही, रात्री वाळवंट चिडीचूप असतं आणि वरून हूंऽऽ असा सूर, झोत आला की शिट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शेजारचे एक कॅनडाचे आजोबा स्लिपर घालून कॉफीचा मग घेऊन आले आणि अगदी गोड शब्दांत विचारलं की ते हेलिकॉप्टर तुमचं का. मी माफी मागितली, मग ते अर्धा तास बसले. त्यांच्या छपरावर १२०० वॅटची पॅनल, चार बॅटऱ्या, आणि त्यांनी सांगितलं की त्यांची पण एक चक्की होती, आता ती त्यांच्या घराच्या अंगणात कावळे हाकलते. जनरेटरला तरी रात्री बंद ठेवायचा नियम असतो, चक्कीला आपल्या लाजेशिवाय दुसरा नियम नाही. मी रात्री दहाला ब्रेक लावायला लागलो. म्हणजे रात्रीचा वारा मिळावा म्हणून जी घेतली तीच रात्री बंद. आता बोला.

आणि हो, परतीच्या प्रवासात मी हिशोब केला, डीसी-डीसी चार्जरनं सहा तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये पावणेदोन युनिट भरले. चक्कीनं बारा दिवसांत दिले त्यापेक्षा जास्त. गाडी तर आपण चालवणारच असतो.

तरी मी हरलो नव्हतो. म्हटलं वाळवंटात वारा नव्हता, जिथं वारा आहे तिथं नेऊ. मार्चच्या शेवटी कॉर्पस क्रिस्टीच्या बाहेर पाड्रे आयलंडच्या किनाऱ्यावर गेलो, घरापासून चारेक तास, वाळूवरच ट्रेलर लावायचा आणि समोर गल्फ. समुद्रावरून दिवसरात्र वारा, थांबतच नाही. तिथून दक्षिणेला गेलं की केनेडी काउंटीत मोठ्या पवनचक्क्या रांगेनं दिसतात, टेक्सास तर पवनऊर्जेत अमेरिकेत पहिलं, मला अगदी चाळकेवाडी आठवलं. पोल उभा करायच्या आधी विचारून घ्या हं, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. वाळूत खुंटे धरत नाहीत, आम्ही वाळूच्या पिशव्या भरून पुरल्या.

आणि इथं चक्कीनं खरंच काम केलं, मान्य करतो. चार दिवसांत सरासरी दिवसाला पाऊण ते एक युनिट, लाटांच्या गाजेत आवाज पण बुडून जायचा म्हणून रात्रभर चालू ठेवता आली. दोन दिवस दाट धुकं होतं, सोलर अर्ध्यावर आलेलं, तेव्हा सकाळी उठून बॅटरी रात्रीपेक्षा जास्त भरलेली बघायचा आनंद वेगळाच. पण तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्याच ६०० वॅटच्या सोलरनं एकटं सव्वादोन युनिट दिलं, कसलाही आवाज न करता. म्हणजे तिला सगळ्यात अनुकूल जागी पण ती सोलरच्या निम्म्याहून कमी. वर खारा वारा, चार दिवसांत बोल्टांवर गंज, पॅनलांवर पण मिठाचा थर, तो गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं रोज पुसला तर फरक दिसतो.

तीस मार्चला पाडवा होता. आदल्या रात्री वारा फार वाढला म्हणून चक्की काढून ठेवलेली, पोल मोकळा, आणि बायको म्हणाली अनायसे आहे तर गुढी उभारू. साडी तिच्याकडे होती, तांब्या आमचा पाण्याचाच, कडुलिंब काही मिळाला नाही म्हणून कढीपत्ता, आणि गाठी नाहीत म्हणून लेकीनं शेकोटीसाठी आणलेले मार्शमेलो दोऱ्यात ओवले. पंधरा फुटांवर गुढी आणि मागं समुद्र. जाणारे पिकअपवाले गाडी हळू करून बघत होते, एकानं खिडकी खाली करून विचारलं हा कुठल्या देशाचा झेंडा. बाबांना व्हिडिओ कॉल लावला, आई रडली, बाबा म्हणाले, "ह्या पोलचे किती पडले?"

मार्क द्यायचे तर सोलरला पाचात पाच, एमपीपीटीला पण पाच, लिथियमला साडेचार, अर्धा थंडीतल्या नखऱ्यांचा कापला. पवनचक्कीला दोन, आणि तुम्ही आडोशाच्या जागी कॅम्प करणारे असाल तर एक. साडेसहाशे डॉलर आत्ता माझ्या हातात परत आले तर २०० वॅटची दोन पॅनल आणि एक बॅटरी घेईन आणि वर थोडे उरतील. ज्यांनी ऐन थंडीत महिनाभर एकाच उघड्या किनाऱ्यावर तळ ठोकायचा आहे, शेजारी लांब आहेत, आणि पोल चढवणं-उतरवणं ह्यात ज्यांना मजा येते, त्यांनी बघावं. जनरेटर मी विकला नाही, तीन दिवस ढग राहिले तर दोन तास चालवला की मोकळे.

चक्की आता मार्केटप्लेसवर टाकलीये, पाती, कंट्रोलर, जाळीसकट रेझिस्टर, तीनशे डॉलर, थोडंफार कमीजास्त करू. मागच्या शनिवारी एक जण बघायला आला, त्याला सगळं पसंत पडलं, पैसे काढले आणि म्हणाला पोल पण द्या. म्हटलं पोल नाही विकायचा.